फाटकावरचा पहारेकरी निवडताना

चेन्नईला साडीखरेदीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबाला टी. नगर ठाऊक असते ते पनगल पार्कजवळच्या नल्लीच्या दुकानामुळे आणि रंगनाथन स्ट्रीटवरच्या रेटारेटीमुळे. दिवाळीआधीच्या रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. पोलीस उंच मनोरे उभारून गर्दीवर नजर ठेवतात आणि बायकांना गळ्यातले दागिने पदराखाली झाकायला सांगतात.

या बाजाराच्या पाठीला पाठ लावून आणखी एक टी. नगर आहे. लाँग टँक नावाचा मोठा तलाव आटवून १९२० च्या दशकात ही वसाहत आखली गेली, तेव्हा येथे अंगण-विहीर असलेले बंगले होते. त्यातले बरेचसे पाडून आता तीन-चार मजली इमारती झाल्या आहेत. खाली गाड्या, वर सहा-आठ बिऱ्हाडे. कितीतरी घरांत केवळ म्हातारे आईवडील राहतात. मुले अमेरिकेत नाहीतर सिंगापूरला. पहाटे फाटकापुढे सडा घालून कोलम काढणारी बाई, दूधवाला, पेपरवाला, दिवसभर येणारी कुरियरची पोरे आणि बाजारात आलेल्या, गाडी लावायला जागा शोधणाऱ्या अनोळखी माणसांची ये-जा. दुपारी सगळी इमारत झोपलेली असताना फाटक वाजले, तर खाली कोण उभे आहे हे दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना कळायचे कसे?

म्हणूनच या गल्ल्यांतून आता जवळजवळ प्रत्येक फाटकावर एक पांढरा डोळा लटकलेला दिसतो. पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांतही चित्र वेगळे नाही. प्रश्न एवढाच की, हा डोळा खरोखर काही पाहतो का?

शेजारच्या स्टेशनावरचा धडा

टी. नगरचे रेल्वे स्टेशन म्हणजे मांबलम. तेथून लोकलने कोडंबाक्कम आणि मग नुंगंबाक्कम. या नुंगंबाक्कम स्टेशनाच्या फलाटावर २४ जून २०१६ च्या सकाळी कामावर निघालेल्या एका तरुणीचा खून झाला. फलाटावर माणसे होती, पण कॅमेरा एकही नव्हता. मारेकरी पळून गेला. पोलिसांच्या हाती लागले ते स्टेशनाजवळच्या वस्तीतल्या कॅमेऱ्यांत सापडलेले चित्रण. पाठीवर पिशवी घेऊन झपाझप चालत जाणारा एक तरुण त्यात दिसत होता. चेहरा मात्र धूसर. ती धूसर चित्रे वर्तमानपत्रांतून छापावी लागली. आठवड्याभराने एका तरुणाला तिरुनेलवेली जिल्ह्यात अटक झाली, पण खटला उभा राहण्याआधीच त्याचा तुरुंगात मृत्यू झाला. त्यामुळे त्या चित्रणाची न्यायालयात कसोटी लागलीच नाही.

या घटनेने चेन्नई हादरली. २०१७ मध्ये ए. के. विश्वनाथन पोलीस आयुक्त झाल्यावर ‘तिसरा डोळा’ ही मोहीम जोरात सुरू झाली. रहिवासी, दुकानदार आणि व्यापारी संघटनांच्या पैशातून दर पन्नास मीटरवर एक कॅमेरा, असा तिचा संकल्प होता. एका खासगी कंपनीने २०२१ मध्ये जगातल्या शहरांची तुलना केली, तेव्हा कॅमेऱ्यांच्या दाटीत चेन्नई पहिली आली. दर चौरस किलोमीटरला ६५७ कॅमेरे! पुढे यांतले किती बंद पडले, याच्या बातम्याही येत राहिल्या. बसवताना फीत कापायला सगळे असतात, पुसायला कोणी नसते.

घरासाठी कॅमेरा घेताना याच दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. चेहरा धूसर येता कामा नये आणि तीन वर्षांनीही तो चालू असला पाहिजे. दोन्ही गोष्टी किमतीपेक्षा जागेवर आणि काळजीवर जास्त अवलंबून आहेत.

ठिपक्यांचा हिशेब

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगतो. दोन, तीन, पाच, आठ. जणू जितके जास्त तितके चोर लवकर सापडणार! खरा हिशेब वेगळा आहे आणि तो घरच्या कोणालाही करता येईल.

कॅमेऱ्याचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता यावा यासाठी तो उभा असेल तेथे दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके हवेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ओळखीचा माणूस ‘हा अमुकच’ एवढे कळायला १२५ पुरतात. नुसते ‘कोणीतरी आहे’ हे कळायला २५ सुद्धा चालतात. आता १९२० ला २५० ने भागा. उत्तर येते साडेसात मीटरच्या थोडे वर. म्हणजे चित्रात येणारी जागा साडेसात मीटरपेक्षा रुंद असेल, तर दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात परक्याचा चेहरा नीट येणार नाही.

आता भिंग पाहा. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा २.८ मिलिमीटरचे भिंग असते. ते खूप रुंद पाहते. सगळे अंगण, फाटक, समोरचा रस्ता आणि रस्त्यापलीकडची पानाची गादीसुद्धा. मोबाईलवर चित्र मोठे छान दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण या भिंगातून चेहरा ओळखू येतो तो जेमतेम तीन मीटरपर्यंत. ४ मिलिमीटरच्या भिंगाने साडेचार मीटरच्या आसपास, ६ मिलिमीटरच्या भिंगाने सात-आठ मीटर. भिंगाचा आकडा वाढला की दिसणारी जागा अरुंद होते, पण जे दिसते ते जवळून दिसते.

म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लावलेला आठ-दहा हजारांचा कॅमेरा फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचे डोके दाखवील, आणि फाटकाच्या खांबावर किंवा जिन्याच्या तोंडाशी लावलेला तीन हजारांचा कॅमेरा त्याचा चेहरा दाखवील. हेल्मेट किंवा टोपी घातलेली असेल, तर वरून तेवढेही दिसत नाही. उंची साधारण अडीच मीटर ठेवावी; हात सहज पोहोचू नये आणि नजर मात्र चेहऱ्यावर पडावी.

दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन खाली उतरावे. घरात शिरायला कोणालाही जेथून जावेच लागते अशी एक अरुंद जागा प्रत्येक घराला असते. कुठे फाटक, कुठे जिन्याची पहिली पायरी, बैठ्या घराला मागचे न्हाणीघराचे दार. त्या जागेपासून कॅमेरा लावायच्या जागेपर्यंत किती मीटर आहेत, ते मोजून कागदावर लिहावे. भिंग ठरते ते या आकड्यावरून. एकच कॅमेरा परवडत असेल, तर तो येथेच लावावा. सगळे अंगण दिसण्याचा मोह आवरावा.

रात्रीचे सोंग

दिवसा सगळेच कॅमेरे शहाणे असतात. रात्री त्यांची परीक्षा होते. अंधारात कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि काळेपांढरे चित्र घेतो. खोक्यावर ‘रात्री तीस मीटरपर्यंत’ असे छापलेले असते. तीस मीटरवर काहीतरी हलते एवढे त्यात कळते, नाव-गाव नाही.

शिवाय कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी पांढरी चुन्याची भिंत किंवा छज्जा असेल, तर किरण त्यावर आपटून परत येतात आणि बाकीचे चित्र काळेठिक्कर पडते. कॅमेरा वीतभर पुढे घेतला किंवा किंचित फिरवला, तरी हा दोष जातो. दुसरा उपद्रव कोळ्याचा. किरणांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगापुढे जाळे विणतो. मग रात्रभर मोबाईल किणकिणत राहतो की, तुमच्या अंगणात कोणी आले आहे. आलेला असतो कोळी.

या सगळ्यावर जुना उपाय सर्वांत स्वस्त आहे. फाटकावर एक नऊ वॉटचा एलईडी दिवा रात्रभर लावावा. महिन्याला सहा-सात तास नव्हे, रोज दहा-बारा तास जळूनही तो महिन्याकाठी तीन-सव्वातीन युनिटच खातो. उजेड असला की, साध्या कॅमेऱ्यातही शर्टाचा आणि गाडीचा रंग कळतो.

ऊन, पाऊस आणि खारा वारा

बाहेरचा कॅमेरा घेताना खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढचा आकडा पाहावा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि पाण्याचा साधा फवारा चालेल. ६६ म्हणजे जोराचा फवाराही चालेल. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. आकडाच नसेल, तर तो घरातला कॅमेरा समजावा, दुकानदार काहीही म्हणो.

चेन्नईत मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, आणि पडतो तेव्हा आडवा पडतो. तलावाच्या जागी वसलेल्या टी. नगरला पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा दिसले. रस्ते कितीतरी दिवस पाण्याखाली होते. अशा ठिकाणी कॅमेरा वाचतो, पण तळमजल्यावर मीटरशेजारी ठेवलेली चित्रण साठवायची पेटी बुडते. कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीतल्या घरांनीही हे लक्षात ठेवावे. पेटी आणि राउटर वरच्या मजल्यावरच हवेत.

कॅमेऱ्यात पाणी शिरते ते बहुधा भिंगातून नव्हे, तर मागच्या वायरीच्या सांध्यातून. कॅमेऱ्यातून बाहेर आलेली वायर आणि घरातली वायर जेथे जोडतात, तो सांधा उघडा लोंबकळत ठेवण्याची बसवणाऱ्यांची सवय आहे. त्याला प्लास्टिकची बंद डबी लावून घ्यावी. शंभर रुपयांचे काम आहे. समुद्राजवळच्या गावात खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे मागावेत. मे महिन्यात चेन्नईचा पारा चाळीसच्या वर जातो आणि उन्हात तापलेल्या डबीचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून, उघड्यावर कॅमेरा लावू नये. छज्ज्याखाली सावलीत लावला तर तो जास्त वर्षे टिकतो आणि मावळतीचे ऊन थेट भिंगात शिरत नाही.

वायर की बिनवायर?

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणि एकाच कॅमेऱ्यावर भागणाऱ्यांना वाय-फायचा कॅमेरा सोयीचा. बाहेर लावण्याजोगा बरा कॅमेरा साधारण अडीच ते चार हजारांत येतो. ‘बिनवायर’ हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे, कारण विजेची वायर लागतेच. शिवाय दोन जाड भिंतींपलीकडे वाय-फाय दुबळे होते. म्हणून कॅमेरा लावायच्या जागी आधी मोबाईल घेऊन उभे राहावे आणि घरच्या वाय-फायवर एखादा चित्रपट अडखळत चालतो का, ते पाहावे. तो अडखळला, तर कॅमेराही अडखळणार. बॅटरीवर आणि सौर तबकडीवर चालणारे कॅमेरेही मिळतात. पण ते बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि हालचाल झाली की जागे होतात. तेवढ्यात माणूस अर्धा निघून गेलेला असतो. शेतावरच्या घराला, जेथे वीजच नाही, तेथे ते ठीक.

सहा-आठ बिऱ्हाडांच्या इमारतीने मात्र वायरीचे चार कॅमेरे आणि साठवणीची पेटी असा संच घ्यावा. डिस्कसह तो साधारण बारा ते अठरा हजारांत बसतो. वायरिंगची मजुरी वेगळी. आठ घरांत वाटला, तर प्रत्येकी दोन-अडीच हजार. चेन्नईत अशा मालासाठी लोक माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटला जातात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. घासाघीस जरूर करावी, पण पक्की पावती आणि हमीपत्र सोडून नव्हे.

वीज गेली की काय, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. कॅमेरा इन्व्हर्टरवर असून उपयोग नाही, राउटरही त्यावर हवा. राउटरपुरता छोटा बॅटरीचा डबा दीड-दोन हजारांत मिळतो.

साठवणीचा हिशेबही आधी करावा. दोन मेगापिक्सेलचे अखंड चित्रण नेहमीच्या प्रतीने ठेवले, तर दिवसाला वीस-बावीस जीबी जागा लागते. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाते. नव्या पद्धतीने चित्रण दाबून बसवणारा कॅमेरा असेल, तर दुप्पट दिवस मिळतात. मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर गेलेल्या कुटुंबाला परत आल्यावर कुलूप फुटलेले दिसावे आणि कार्डात फक्त गेल्या आठवड्यातली मांजरे असावीत, असे होऊ नये. केवळ हालचालीचे चित्रण ठेवायची सोय असते, तीही वापरावी. मात्र ‘माणूस दिसला तरच’ अशी सूचना निवडावी. तमिळ घरांत रोज जेवणाआधी कावळ्याला भात ठेवतात. कंपाऊंडच्या भिंतीवरची ती पंगत दिवसातून वीस वेळा मोबाईल वाजवते आणि मग घरातली माणसे त्या आवाजाकडे लक्ष देणेच सोडतात.

आणखी एक. कार्ड कॅमेऱ्यातच असते, आणि चोर कॅमेरा उपटून नेतो. म्हणून एक प्रत घरातल्या पेटीत किंवा कंपनीच्या साठवणीत जाईल अशी व्यवस्था हवी. कंपनीच्या साठवणीचे दर महिन्याचे भाडे खरेदीच्या आधी विचारावे. तीन हजारांचा कॅमेरा तीन वर्षांत केवढ्याला पडतो, ते तेव्हा कळते.

डोळा कोणाचा?

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत एके दिवशी बड्या-बड्या संकेतस्थळांचे दरवाजे अचानक बंद पडले. हल्ला करणाऱ्या फौजेत होते जगभरच्या घरांतले कॅमेरे आणि राउटर! मालकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड कधी बदललाच नव्हता. ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने त्या पासवर्डांची यादी घेऊन दार उघडले होते. आपल्याकडे या काळजीतूनच केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. कमालीच्या स्वस्तात मिळणारा, नाव-गाव नसलेला कॅमेरा जुन्या साठ्यातला असू शकतो. तेव्हा ‘चाचणी झालेले मॉडेल आहे का?’ हे विचारायला संकोच करू नये.

कॅमेरा बसवणारा मुलगा सोयीसाठी स्वतःच्याच मोबाईल क्रमांकावर खाते उघडतो आणि मग तुम्हाला जोडून देतो. म्हणजे तुमचे फाटक तोही पाहू शकतो. खाते आपल्याच क्रमांकावर उघडावे, पासवर्ड त्याच्यादेखत नव्हे तर तो गेल्यावर बदलावा.

आणि शेजारी? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे कोलकाता उच्च न्यायालयाने सांगितले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. समोरच्यांची खिडकी, न्हाणीघर, कपडे वाळत घालायची गच्ची आपल्या चित्रात येत असेल, तर कॅमेरा वळवावा. किंवा चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. बसवल्या दिवशीच शेजारच्या वहिनींना बोलावून मोबाईलवर चित्र दाखवावे. पुढची पाच वर्षांची भांडणे तेथेच मिटतात. घरात कामाला येणाऱ्या बाईलाही सांगावे की, कॅमेरा कुठे आहे. तिला चोरून पाहणे शोभणारे नाही. परदेशातल्या मुलांनाही दिवसातून दहा वेळा आईवडिलांच्या दारावर नजर ठेवण्याची सवय लागते. कॅमेरा फाटकाकडे तोंड करून असावा, आजोबांच्या आरामखुर्चीकडे नव्हे.

चोरी झालीच तर

पहिली गोष्ट, चित्रण पुसले जाण्याआधी वेगळे काढून ठेवावे. कॅमेऱ्यातल्या घड्याळाची वेळ खऱ्या वेळेशी जुळते का, हे पाहून फरक लिहून ठेवावा. मूळ कार्ड किंवा डिस्क जपावी आणि पोलिसांना दिली तर पोच घ्यावी.

याचे कारण जालन्याच्या एका खटल्यात आहे. तेथल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ यंत्र हजर न करता चित्रणाची प्रत द्यायची असेल, तर ठरावीक प्रमाणपत्र हवेच, असा निकाल १४ जुलै २०२० ला लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसारही असे प्रमाणपत्र लागते. कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याची त्यावर सही लागते. सोसायटीत ती कोण करणार, हे आधीच ठरलेले बरे. मोबाईलवर फिरत आलेली, चार वेळा दाबली गेलेली चित्रफीत तपासाला दिशा देईल. न्यायालयात तिच्यावर विसंबता येणार नाही.

कॅमेऱ्याची देखभाल फार मोठी नाही. महिन्यातून एकदा मऊ कपड्याने भिंग पुसावे, जाळे काढावे. कोणाला तरी फाटकाशी उभे करून, दिवसा आणि रात्री, चेहरा ओळखू येतो का ते पाहावे. गेल्या आठवड्याचे चित्रण खरोखर साठले आहे का, हेही उघडून पाहावे, कारण कार्डे न सांगता मरतात. चेन्नईकरांनी हे काम पाऊस सुरू होण्याआधी, सप्टेंबरात करावे. महाराष्ट्रात मे महिन्यात, पन्हाळी साफ करायला शिडी काढली जाते तेव्हाच.